दिवंगत बालसाहित्यिकाच्या स्मरणार्थ मदतीसाठी लिलाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांसाठी लिहिणारे लेखक गेले की घरच्यांना, प्रकाशकांना आणि जुन्या वाचकांना वाटू लागतं, त्यांच्या नावानं काहीतरी करूया. लिलावाची कल्पना बहुधा तिथेच पुढे येते. असा लिलाव करू पाहणाऱ्यांना आणि त्यात बोली लावू इच्छिणाऱ्यांना पुन्हा पुन्हा पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं नियमांची आहेत, काही माझ्या मताची. मत आहे तिथे तसं सांगितलं आहे.

लिलावच का? सरळ देणगी का मागू नये?

सरळ देणगी मागणं सोपं असतं आणि अनेकदा तेच बरं. लिलावाला काही महिन्यांची तयारी लागते, वस्तू गोळा कराव्या लागतात, त्यांची खातरजमा करावी लागते, नंतर त्या घरोघरी पोचवाव्या लागतात. हाताशी चार-पाचच वस्तू आणि दोनच माणसं असतील तर देणगीचं आवाहन करा.

लिलावाची खरी ताकद अशी की, ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनाही देणारं होता येतं. चित्रकार चित्र देतो, लेखक मित्र आपला एक दिवस देतो, ग्रंथपाल वस्तूंची यादी लिहून देतो, कुणी आपल्याकडची सही केलेली प्रत देतो. लेखकाच्या माणसांना काहीतरी करायचं असतं आणि लिलाव त्यांना ते करू देतो.

सुरुवात कुठून करायची?

पहिल्या बैठकीत बहुतेक ठिकाणी ‘आपल्याकडे विकण्याजोगं काय आहे?’ असा प्रश्न निघतो. मी तो बाजूला ठेवायला सांगेन. आधी हे लिहून काढा : हे लेखक जिवंतपणी कुणाला काय देत होते? ते पत्रांना उत्तरं लिहीत होते का? मानधन न घेता शाळांमध्ये जात होते का? नवख्या लेखकांची हस्तलिखितं वाचून देत होते का? कुणाच्या उपचारांचा खर्च गुपचूप उचलत होते का? त्या उत्तरातून लिलावाचा लाभार्थी ठरतो, वस्तू ठरतात, कार्यक्रमाचा सूरही ठरतो.

बालसाहित्यिकांच्या औदार्याच्या तऱ्हा किती वेगळ्या असतात ते पाहा. लुईस कॅरल यांनी १८८६ मध्ये आपल्या ‘ॲलिस इन वंडरलँड’च्या मूळ हस्तलिखिताची हुबेहूब आवृत्ती छापली आणि तिचा नफा आजारी मुलांच्या रुग्णालयांना देऊ केला. जे. एम. बॅरी यांना १९२९ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयानं नव्या इमारतीच्या जागेसाठी नेमलेल्या समितीवर बोलावलं. त्यांनी समितीला नकार दिला आणि काही आठवड्यांतच आपल्या ‘पीटर पॅन’ या नाटकाचे सगळे हक्क रुग्णालयाच्या नावे केले. बिॲट्रिक्स पॉटर यांनी १९२७ मध्ये विंडरमिअर सरोवराकाठची जमीन बांधकामापासून वाचावी म्हणून आपल्या गोष्टींतल्या पीटर सशाची पन्नासेक चित्रं स्वतःच्या हातानं काढली आणि अमेरिकेतल्या वाचकांना विकली. एकाचा जीव आजारी मुलांत, दुसरीचा डोंगरदऱ्यांत. पॉटर यांच्या स्मरणार्थ उभारलेला पैसा जमिनीच्या जपणुकीला गेला तर तो त्यांचा वाटतो. भलत्याच कामाला गेला तर काम चांगलं असूनही त्यात त्या कुठे दिसणार नाहीत.

लिलावात काय काय ठेवता येईल?

सही केलेल्या प्रती आणि पहिल्या आवृत्त्या सगळ्यांना सुचतातच. नुसत्या सहीपेक्षा कुणाला उद्देशून दोन ओळी लिहिलेली प्रत कमी किमतीला जाईल असा एक समज आहे. तो पूर्ण खरा नाही. ज्याच्यासाठी लिहिलं तो लेखकाच्या आयुष्यातला माणूस असेल, म्हणजे पहिला संपादक, चित्रकार, शाळेतले गुरुजी, तर ती प्रत संग्राहकांना जास्त मोलाची वाटते. अशी प्रत आली की त्या दोघांचं नातं काय होतं ते यादीत जरूर लिहा.

याखेरीज कच्चे खर्डे, प्रकाशकाच्या खुणा असलेली प्रुफं (छपाईआधी तपासायची पानं), मुखपृष्ठाची बाद झालेली रेखाटनं, लिहिण्याचं टेबल, टाइपरायटर, चष्मा. या वस्तूंवर वाचकांचा खूप जीव असतो. प्रुफातल्या एका खोडलेल्या शब्दापाशी लोक बराच वेळ थांबतात, कारण आपण पाठ केलेलं वाक्य आधी वेगळं होतं हे तिथे दिसतं.

लेखक नसतानाही नव्या वस्तू तयार होऊ शकतात. इंग्लिश पेन या लेखकांच्या संस्थेनं २०१३ मध्ये लंडनला एक लिलाव केला. त्यात पन्नास लेखकांनी आपापल्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या समासांत टिपणं लिहून, चित्रं काढून दिली होती. जे. के. रोलिंग यांची प्रत १ लाख ५० हजार पौंडांना गेली. स्मरणार्थ लिलावात हेच जरा बदलून करता येतं : दिवंगत लेखकाचं पुस्तक त्यांच्या मित्रांकडे द्यायचं आणि प्रत्येकानं समासात आपली आठवण लिहायची. अशी प्रत जगात एकच असते आणि ती बनताना मित्रांचंही मन मोकळं होतं.

आणि वेळ. एखादे लेखक किंवा चित्रकार शाळेत दिवसभर मुलांबरोबर राहतील, हा लॉट (लिलावात बोलीसाठी ठेवलेली एक वस्तू किंवा संधी) मला सगळ्यांत आवडतो. बोली जिंकणाऱ्यानं ती भेट स्वतःसाठी न घेता, ज्या शाळेला असं कुणाला बोलावणं परवडत नाही अशा शाळेला द्यावी, अशी सोय आधीच ठेवा.

काय ठेवू नये?

मुलांनी लेखकाला लिहिलेली पत्रं. याबाबत मी ठाम आहे. मुलानं विश्वासानं लिहिलेलं असतं, घरचं दुःखही कधी सांगितलेलं असतं, नाव-पत्ता असतो. कागद लेखकाच्या घरात असला तरी मजकुरावरचा हक्क सामान्यतः लिहिणाऱ्याचाच राहतो. ही पत्रं वाचनालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संग्रहात, ठरावीक वर्षं बंद ठेवण्याच्या अटीवर द्यावीत.

अप्रकाशित लेखन हाही नाजूक विषय. लेखकाची इच्छा आधी शोधा. कल्पनारम्य विनोदी कादंबऱ्या लिहिणारे इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांनी आपलं अपुरं लेखन नष्ट व्हावं असं सांगून ठेवलं होतं. त्यांच्या माणसांनी ते मानलं आणि २०१७ मध्ये त्यांची हार्ड डिस्क जुन्या वाफेच्या रोड रोलरखाली चिरडली. वाचकांना हळहळ वाटली, पण शब्द पाळला गेला. उलट इच्छा असेल तर उलट वागा. काहीच सांगून ठेवलं नसेल तर विकण्याची घाई करू नका.

गाजलेल्या पुस्तकाचं एकमेव हस्तलिखित आहे. ते विकावं का?

एकदा खाजगी कपाटात गेलं की ते अभ्यासकांना आणि पुढच्या वाचकांना कदाचित कधीच दिसणार नाही. म्हणून आधी सार्वजनिक संग्रहांना विचारा, निदान प्रत्येक पानाची चांगली डिजिटल प्रत काढून घ्या.

‘ॲलिस’च्या हस्तलिखिताची हकिकत इथे आठवते. ज्या मुलीसाठी ते लिहिलं होतं, तिनं उतारवयात, पतीच्या निधनानंतर पैशांची गरज पडल्यावर, १९२८ मध्ये ते लंडनच्या सदबीज या लिलावगृहात लिलावाला काढलं. १५,४०० पौंडांना ते अमेरिकन ग्रंथविक्रेते रोझेनबाख यांनी घेतलं आणि ते अमेरिकेत गेलं. पुढे १९४६ मध्ये ते पुन्हा लिलावात आलं, तेव्हा लायब्ररी ऑफ काँग्रेसचे ग्रंथपाल ल्यूथर इव्हान्स यांच्या पुढाकारानं काही अमेरिकन दात्यांनी वर्गणी काढून ते विकत घेतलं. १९४८ मध्ये त्यांनी ते ब्रिटिश म्युझियमला भेट दिलं, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं दाखवलेल्या धैर्याबद्दल कृतज्ञता म्हणून. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. यातून एक व्यवहारी वाट निघते : काही वाचकांनी मिळून बोली लावायची आणि जिंकलेली वस्तू वाचनालयाला द्यायची. संस्थेला पैसे मिळतात आणि हस्तलिखितही सगळ्यांचं राहतं. यादीत अशा वस्तूपुढे ‘गटानं बोली लावता येईल’ असं लिहा, लोक आपणहून एकत्र येतात.

हस्तलिखित किंवा चित्र विकत घेतलं की ते छापण्याचा हक्कही मिळतो का?

नाही. कागद तुमचा, मजकूर नाही. लेखनाचे हक्क वारसांकडे किंवा प्रकाशकाकडे राहतात, चित्राचे चित्रकाराकडे. भिंतीवर लावा, पाहुण्यांना दाखवा, पुन्हा विका. पण पोस्टर किंवा कपांवर छापायचं तर परवानगी लागते. काही देशांत मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं की चित्रकाराला किमतीचा वाटाही द्यावा लागतो. हे सगळं यादीतच स्पष्ट लिहा, म्हणजे नंतर मनं दुखावत नाहीत.

सही खरी आहे हे कसं कळणार?

वस्तू कुणाच्या हातातून कुणाच्या हातात आली, याची साखळी हा सगळ्यांत भक्कम पुरावा. ‘लेखकाच्या लेकीनं दिली’, ‘अमुक वर्षीच्या प्रकाशन समारंभात समोर सही घेतली, हा तेव्हाचा फोटो’ असं काहीतरी हवं. घरच्यांकडे त्या त्या काळातल्या सह्यांचे नमुने असतात. सही वयाप्रमाणे बदलते, म्हणून नमुना त्याच काळातला घ्या. पुस्तक छापलं गेलं त्याआधीची तारीख सहीखाली असेल तर सावध व्हा. शंका उरली तर ती वस्तू बाजूला ठेवा. लेखकाच्या नावानं एक खोटी सही विकली गेली तर बाकी सगळ्या वस्तूंवर तिची सावली पडते.

लिलावाचा कोणता प्रकार निवडावा?

सभागृहात ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणत होणारा लिलाव रंगतदार असतो, पण तो पंधरा-वीस वस्तूंपुरताच ठेवा. त्यापुढे लोक दमतात आणि शेवटच्या चांगल्या वस्तू स्वस्तात जातात. बाकीच्या वस्तू टेबलांवर मांडून शेजारच्या कागदावर बोली लिहून घेता येतात. चारचौघांत हात वर करायला संकोचणारे वाचक तिथे मोकळेपणानं भाग घेतात.

वाचक दूरदूर विखुरलेले असतील तर ऑनलाइन लिलाव उत्तम. फक्त एक काळजी घ्या. घड्याळ ठरल्या क्षणाला बंद होत असेल तर अनेकजण शेवटच्या सेकंदाची वाट पाहत बसतात. ही खोड फार जुनी आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मेणबत्ती विझेपर्यंत बोली घेत. त्या काळातले प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स यांनी १६६२ मध्ये रोजनिशीत नोंदवलं आहे की, ज्योत विझण्याआधी धूर खाली वळतो हे एकानं हेरलं होतं आणि तो नेमक्या त्याच क्षणी बोली लावत असे. आजचा उपाय सोपा आहे : शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप थोडी वाढेल अशी व्यवस्था निवडा.

पहिली बोली आणि राखीव किंमत कशी ठरवायची?

बाजारात तशा वस्तूला जे मिळतं त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पहिली बोली ठेवावी, असं माझं मत. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू द्यायची नाही ती रक्कम, फक्त खरोखर मौल्यवान दोन-तीन वस्तूंना ठेवा. सगळ्यांना ठेवली तर बऱ्याच वस्तू न विकता परत जातात.

बोली हरलेल्यांचं काय?

हा प्रश्न आयोजक क्वचितच विचारतात आणि तिथेच बरेच पैसे निसटतात. २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त चार अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, फक्त जिंकणाऱ्यानं पैसे भरायचे ही पद्धत मदतनिधीसाठी फारशी चांगली नाही. मी तुमच्यावर बोली चढवली की तुम्ही देणार होता ते पैसे संस्थेला मिळत नाहीत, फक्त माझे मिळतात. शिवाय दुसरा कुणी जिंकला तरी पैसे चांगल्या कामालाच जाणार असतात, त्यामुळे जोर लावून बोली वाढवण्याची ओढही कमी होते.

म्हणून हरलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी आभाराचं पत्र पाठवा आणि मनातल्या रकमेचा काही भाग तरी देणगी म्हणून देता येईल का, असं मोकळेपणानं विचारा. बरेचजण देतात, कारण ते वस्तूपेक्षा लेखकासाठी आलेले असतात. समासात लिहिलेल्या पुस्तकासारखी वस्तू एकच असते, पण शाळाभेट दुसरीही ठरवता येते. तिथे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीलाही ‘हो’ म्हणता येतं का ते पाहा.

नव्या पुस्तकातल्या पात्राला नाव देण्याचा लॉट ठेवावा का?

दिवंगत लेखकाचे मित्र आपल्या आगामी पुस्तकातल्या एका पात्राला नाव देण्याची संधी लिलावात ठेवू शकतात, म्हणजे बोली जिंकणारा ते नाव सुचवतो. अटी मात्र आधी लिहून घ्या : पात्र चांगलं असेल की खलनायक हे कोण ठरवणार, नाव नाकारण्याचा अधिकार लेखकाला आहे का, पुस्तक लांबलं तर काय.

या लॉटमधून काय उभं राहू शकतं ते २०१७ मध्ये दिसलं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या आगीनंतर लेखकांनी रहिवाशांसाठी ऑनलाइन लिलाव केला. बालसाहित्यिक फिलिप पुलमन यांनी पात्राला नाव देण्याचा लॉट दिला होता. एका शिक्षकानं १,५०० पौंडांची बोली लावली, आगीत गेलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थिनीचं नाव पात्राला मिळावं म्हणून. त्यानंतर लोकांनी त्याच्याविरुद्ध बोली लावायचं सोडून त्याच्याच बोलीत भर घातली. रक्कम ३२ हजार पौंडांच्या वर गेली. पुलमन यांच्या २०१९ मधल्या कादंबरीत त्या मुलीचं नाव आहे. अशा एकत्र बोलीला जागा राहील असे नियम करा.

मुलांना भाग घेता येईल का?

घेता आलाच पाहिजे. मुलांसाठी जगलेल्या माणसाच्या कार्यक्रमात मुलं नुसती पहिल्या रांगेत बसवून ठेवू नयेत. बोली मात्र मोठ्यांनीच लावावी. अल्पवयीन मुलाचा करार बहुतेक देशांत बंधनकारक धरला जात नाही आणि हरण्याची बोच मुलाला देण्याचं कारणही नाही. त्यांच्यासाठी वेगळं टेबल ठेवा, जिथे ठरलेल्या छोट्या किमतीला सही केलेले बुकमार्क, चित्रांच्या छापील प्रती, वापरलेली पण चांगली पुस्तकं मिळतील.

मुलांनी काढलेली लेखकाच्या पात्रांची चित्रं लिलावात ठेवावीत, असं कुणीतरी हमखास सुचवतं. हेतू प्रेमाचा असतो, पण माझा विरोध आहे. एका चित्राला दहा बोल्या येतात आणि शेजारच्याला एकही नाही, हे ते मूल उभं राहून बघत असतं. सगळी चित्रं भिंतीवर लावा आणि कार्यक्रमानंतर घरच्यांना एकत्र बांधून द्या.

पैसे कुणाला जावेत आणि हिशेब कसा द्यावा?

नोंदणीकृत संस्था निवडा, तिची लेखी संमती घ्या आणि रक्कम शक्यतो थेट तिच्याच खात्यात जाऊ द्या. खर्च वजा होणार असेल तर ‘सर्व रक्कम संस्थेला’ असं कुठेही छापू नका. लिलावगृहाची मदत घेतलीत तर ते कमिशन माफ करणार का, खरेदीदाराकडून वर काही टक्के घेणार का, हे आधी विचारा. अनेक लिलावगृहं अशा कामासाठी सवलत देतात.

कार्यक्रमानंतर एक पानी हिशेब जाहीर करा : किती जमले, किती खर्च झाले, किती दिले. बॅरी यांनी ‘पीटर पॅन’मधून रुग्णालयाला किती मिळतं ते उघड करू नये अशी विनंती केली होती आणि रुग्णालय ती आजही पाळतं. पण ते त्यांचं स्वतःचं दान होतं. तुम्ही दुसऱ्यांचे पैसे गोळा करता आहात, तेव्हा आकडे सांगायलाच हवेत.

बोली लावलेल्या रकमेवर करसवलत मिळते का?

देशागणिक नियम वेगळे. काही देशांत वस्तूच्या बाजारभावापेक्षा जितकं जास्त दिलं तितकंच दान धरलं जातं. त्यामुळे यादीत अंदाजे बाजारभाव छापला तर खरेदीदारांची सोय होते.

निधनानंतर किती दिवसांनी लिलाव करावा?

घरच्यांना कपाट उघडवेल तेव्हा. लोक भावुक आहेत तोवर करून घ्या असा सल्ला मिळतो, तो ऐकू नका. दुःखात दिलेली वस्तू नंतर परत हवीशी वाटते आणि ती विकली गेलेली असते. लेखकाचा पुढचा जन्मदिवस धरला तर तयारीलाही वेळ मिळतो. प्रत्येक वस्तूसाठी वारसांची लेखी परवानगी घ्या आणि यादी छापायला जाण्याआधी त्यांना पुन्हा एकदा दाखवा. एखादी वस्तू त्यांनी मागे घेतली तर कारण विचारू नका.

कार्यक्रमात पुस्तकातले उतारे वाचता येतील का?

प्रकाशकाला विचारा, अशा कामासाठी ते सहसा आनंदानं हो म्हणतात. भाषणं कमी ठेवा आणि दर चार-पाच वस्तूंनंतर कुणीतरी एखादं पान वाचू द्या.

जिंकलेली वस्तू घरी कशी जपायची?

उन्हापासून आणि ओलीपासून दूर. स्केचपेननं केलेली सही किंवा चित्र उजेडात फार लवकर फिकं पडतं, म्हणून फ्रेम करायचीच तर छापील प्रतीची करा आणि मूळ कागद आम्लरहित पाकिटात आडवा ठेवा. लॅमिनेशन, चिकटपट्टी, स्टेपल, काहीच नको. वस्तूबरोबर आलेलं पत्र आणि लिलावाची पावती तिच्याजवळच ठेवा. पुढे कधी ती वाचनालयाला द्यावीशी वाटली तर ग्रंथपाल सर्वांत आधी तीच मागतील.